विज्ञानाचं पुस्तक कुठे आहे?



मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. वर्गात भारतीय घरांतली मुलं बरीच, त्यांत काही मराठी. त्यामुळे दर सप्टेंबरला 'बॅक टू स्कूल नाइट' संपली की कोणी ना कोणी आपले आई-बाबा मागे रेंगाळतात आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, "मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण विज्ञानाचं पुस्तक कुठे आहे?" पुस्तक नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला आता पाठ झालंय. घरी शाळेचं क्रोमबुक आलंय, त्यावर काहीतरी रंगीत हलतंय, वहीत अर्धवट आकृत्या आणि 'मला वाटतं की...' अशी वाक्यं आहेत, आणि उत्तर म्हणून अधोरेखित करावं असं कुठेच काही नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग शनिवारी कुठला क्लास लावू?"

या पालकांना हसण्यात अर्थ नाही. 'व्याख्या लिहा, शास्त्रीय कारणे द्या, फरक स्पष्ट करा' यावर आपली सगळी पिढी वाढली आणि त्याच्याच जोरावर व्हिसा मिळवून इथवर आली. जी शिडी आपल्याला लागू पडली तीच पोरांना द्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झालेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. एक तक्रार अशी की मुलांना सांगण्याऐवजी विचारलं जातं. दुसरी, की सगळं पडद्यावर चालतं. पहिल्या गोष्टीच्या बाजूने मी भांडायला तयार आहे. दुसरीबद्दल पालकांचं बरंचसं बरोबर आहे. गंमत म्हणजे आपले लोक काळजी करतात पहिलीची, आणि देणगी देतात दुसरीला. त्या देणगीकडे मी शेवटी येणारच आहे.

आधी पद्धतीबद्दल. अमेरिकेत २०१३ साली 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स' आली आणि न्यू जर्सीने ती २०१४ मध्ये स्वीकारली. त्यांचा गाभा थोडक्यात असा, की धडा व्याख्येपासून सुरू न करता एखाद्या घटनेपासून करायचा, आणि मुलांनी तिचं स्पष्टीकरण पुराव्यानिशी उभं करायचं. हे ऐकायला गुळगुळीत वाटतं, म्हणून एक उदाहरण देते.

टेबलावर गार पाण्याचा ग्लास. थोड्या वेळाने बाहेरून ओला होतो. हे पाणी आलं कुठून? अकरा वर्षांच्या मुलांची उत्तरं साधारण तीन प्रकारची असतात. ग्लास झिरपतो. पाणी काठावरून चढून बाहेर उतरतं. आणि तिसरी, ज्यांच्या घरी शनिवारचा क्लास लागलेला आहे ती मुलं, हात वर न करताच ओरडतात: "कंडेन्सेशन!" शाळेतल्या शिक्षकाची खरी परीक्षा या तिसऱ्या उत्तराशी असते. म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की ती मुलं म्हणतात, "कंडेन्सेशन झालं." शब्द आहे, पण तो उचलून बघितला तर खाली काही नाही.

मग आम्ही शब्द बाजूला ठेवतो. ग्लास झिरपत असेल तर ते कळेल कसं? कोणीतरी सुचवतं, पाण्यात रंग टाकू. पाणी लालभडक, बाहेरचे थेंब मात्र स्वच्छ. काठावरून चढत असेल तर? झाकण लावू. घट्ट झाकण लावलं तरी थेंब येतातच. मग ग्लास वजनाच्या काट्यावर ठेवायचा आणि नुसतं बघत बसायचं. तो बाहेरून ओला होत जातो तसा काट्यावरचा आकडा हळूहळू वाढतो. आतलंच पाणी बाहेर आलं असतं तर वजन वाढलं नसतं. म्हणजे हे पाणी ग्लासमधलं नाहीच. हे वाक्य मुलांच्या तोंडून यायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी दोन तासिका जातात. पुस्तकात ते एका ओळीत संपतं, हे मला मान्य आहे. (हा प्रयोग जानेवारीत करू नये. हीटिंगने वर्गातली हवा इतकी कोरडी पडते की ग्लासला धड दवही येत नाही. खरं तर म्हणूनच करावा. 'आज का नाही आलं?' हा पहिल्यापेक्षा सरस प्रश्न आहे.)

एका वर्षी याच ठिकाणी एका मुलीने सांगितलं की नागपूरला तिच्या आजीचा माठही असाच 'घामाघूम' होतो. अर्धा वर्ग म्हणाला, तेच ते. मी हो किंवा नाही म्हटलं नाही. माठ मिळण्याची सोय नव्हती म्हणून दुकानातून बिनचकाकीची मातीची कुंडी आणली, तिचं भोक बुजवलं, पाणी भरलं आणि काट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी वजन घटलेलं होतं. ग्लासचं वाढलं, कुंडीचं घटलं. बाहेरून दोन्ही ओलेच. माठातून पाणी खरोखरच झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं आणि म्हणून आतलं पाणी गार होतं. ग्लासवर हवेतली वाफ येऊन थंड पडते. घाम शब्द एकच, घडतंय अगदी उलट. आणि मग कोणालातरी प्रश्न पडतो की नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढा गार होतो तेवढा मुंबईच्या दमटात होईल का. इतकं झालं की मी 'कंडेन्सेशन' आणि 'इव्हॅपोरेशन' हे दोन शब्द फळ्यावर लिहिते. तेव्हा ते मुलांना हवे असतात.

"पण मुलं असं सगळं स्वतः शोधून काढत बसली तर अभ्यासक्रम संपायचा कधी?" हा आक्षेप फक्त आपल्या पालकांचा नाही. २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की नवशिक्या माणसाला कमीत कमी मार्गदर्शन देऊन सोडून दिलं तर त्याची तोकडी कार्यकारी स्मृती नुसत्या धडपडीतच खर्ची पडते, शिकायला उरत नाही. पुढच्याच वर्षी आमच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी, मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी, उत्तर दिलं: चांगल्या शोधक शिक्षणात मार्गदर्शन कमी नसतं, उलट पावलापावलावर आधार दिलेला असतो. वर्गात उभं राहून मला दोघांचंही पटतं. कुठलंही मूल आवर्त सारणी आपण होऊन शोधून काढणार नाही, आणि काढावी अशी अपेक्षा ठेवणारा शिक्षक आळशी तरी आहे किंवा भाबडा. ग्लासच्या धड्यात मुलांना मोकळं सोडलेलं नाही. काटा कधी बाहेर काढायचा, रंग कपाटात तयार ठेवायचा, कुठल्या मुलाला आधी बोलू द्यायचं आणि क्लासवाल्याला कधी थांबवायचं, हे सगळं आधी ठरवलेलं असतं. सांगणं सोपं असतं. न सांगता तिथपर्यंत नेण्याला तयारी लागते. भारतात 'ज्ञानरचनावाद' या जड शब्दाखाली जे आलं त्यात हा तयारीचा भाग बऱ्याचदा गळून गेला आणि फरशीवर रंगवलेली वर्तुळं तेवढी राहिली, असं मला तिथल्या शिक्षकांशी बोलताना जाणवतं.

सांगून टाकण्याने काय होतं, याचा एक नमुना चित्रफितीवर आहे. १९८७ च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना साधे प्रश्न विचारले होते. ऋतू का होतात, हा त्यातला एक. २३ पैकी २१ जणांना धड उत्तर देता आलं नाही. ऋतूंबद्दल बहुतेकांनी आत्मविश्वासाने सांगितलं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आम्ही इथे ड्राइव्हवेवरचा बर्फ खरवडत असतो. त्या माणसांना शाळेत कललेल्या आसाबद्दल सांगितलं नसेल असं थोडंच आहे. सांगितलं होतं, त्यांनी पेपरात लिहिलंही असेल. पण आधीची घट्ट कल्पना कोणी कधी बाहेर काढून तपासलीच नव्हती, त्यामुळे परीक्षा संपली तशी ती पुन्हा जागेवर येऊन बसली.

आता पडद्याकडे वळते. माझ्या वर्गात तंत्रज्ञान भरपूर आहे आणि त्यातल्या काही गोष्टींवाचून मला शिकवणं जड जाईल. मोशन सेन्सर ही त्यातली पहिली. डबीएवढं यंत्र, ते ध्वनिलहरी सोडून समोरच्याचं अंतर मोजतं. मूल त्याच्यासमोर चालतं आणि त्याच क्षणी पडद्यावर अंतर-काळाचा आलेख उमटतो. थांबलं की रेघ आडवी. मागे आलं की रेघ उतरते. मग मी एक आलेख देते आणि म्हणते, असा चालून दाखव. चढणारी रेघ म्हणजे टेकडी चढणं, असं समजणारी मुलं पाच मिनिटांत शहाणी होतात, आणि तीसुद्धा पायांनी. १९८७ साली हेदर ब्रॅसेल यांनी अशा आलेखांवर अभ्यास केला होता. आलेख हालचालीबरोबरच दिसला तर मुलं शिकतात, आणि काही सेकंद उशिरा दाखवला तर फायदा बराचसा विरून जातो, असं त्यांना दिसलं. इथे यंत्र जे करतं ते मला फळ्यावर जन्मात जमणार नाही.

कोलोरॅडो विद्यापीठातलं 'फेट'ही तसंच. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. मोफत आहे, आणि त्यातली बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. वायूचे रेणू डोळ्यांनी दिसत नाहीत, ते तिथे धावताना दिसतात. मात्र माझा एक नियम आहे: जे हाताने करता येतं ते पडद्यावर करायचं नाही. पडद्यावरचा दिवा प्रत्येक वेळी लागतो. खऱ्या परिपथात सेल उतरलेला असतो, तार आतून तुटलेली असते, आणि का लागला नाही हे शोधताना मुलं जे शिकतात ते त्या गुळगुळीत चित्रात नाही. ग्लासचा प्रयोग व्हिडिओवर दाखवला तर दोन मिनिटांत होतो. पण मग तो पुन्हा सांगणंच झालं, फक्त रंगीत.

महासाथीच्या काळात इथल्या शाळांसाठी केंद्र सरकारने तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले आणि त्यातून इतर गोष्टींबरोबर देशभर क्रोमबुकं घेतली गेली. तो निधी २०२४ मध्ये आटला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय चाचणीत आठवीचे विज्ञानाचे सरासरी गुण २०१९ पेक्षा चारने घसरलेले होते. क्रोमबुकमुळे गुण घसरले असं मी म्हणत नाही, त्या वर्षांत मुलांचं आणखी बरंच काही हरवलं. पण पोराच्या पाठीवर यंत्र दिलं की विज्ञान आपोआप शिकवलं जाईल, ही समजूत आता तरी सोडायला हरकत नाही. आता तर प्रयोगाचा निष्कर्षही चॅटबॉट लिहून देतो, व्याकरणाची एक चूक न करता. म्हणून माझ्या वर्गात निरीक्षणं पेनाने वहीत होतात, आणि निष्कर्ष लिहिताना माझा प्रश्न असतो: तुझ्या तिसऱ्या आकड्याचं काय झालं, तो असा वेगळा का आला? त्या आकड्याच्या वेळी चॅटबॉट वर्गात नव्हता.

हे सगळं तुमच्यासमोर मांडण्याचं कारण मात्र गुण किंवा कॉलेज हे नाही. एक प्रसंग सांगते. सातवीत वनस्पतींचा पाठ चालू असताना एका मुलाने आपल्या आजोबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर वर्गात वाचून दाखवला: पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला पूज्य मानलं. आजोबा तेव्हा सहा महिन्यांसाठी इथे आलेले. मुलगा जरा अभिमानाने आणि जरा शंकेने माझ्याकडे बघत होता. मला लगेच सांगता आलं असतं की झाडाने ऑक्सिजन सोडायला प्रकाश लागतो, पिंपळालाही लागतो. पण मी विचारलं, हे तपासायचं कसं?

आमच्याकडे कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आहे. बंद बरणीत पानं ठेवली, उजेडात आकडा उतरत गेला. बरणीला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला, आकडा चढत गेला. अंधारात झाडही आपल्यासारखाच श्वास घेतं. पण पानं पालकाची होती, आणि मुलाने ताबडतोब हरकत घेतली की पालक म्हणजे पिंपळ नव्हे. अगदी रास्त हरकत! मग शाळेच्या ऑफिसातल्या कुंडीतल्या फायकसची पानं आणली. तो पिंपळाचाच भाऊबंद, एकाच 'फायकस' कुळीतला. त्याचंही तेच झालं. तरी एक मुलगी म्हणाली, भाऊ म्हणजे तोच माणूस नाही. शेवटी वर्गाने जो निष्कर्ष लिहिला तो असा: आम्ही तपासलेल्या दोन्ही झाडांनी अंधारात कार्बन डायऑक्साइड सोडला, पिंपळ वेगळा आहे असं ज्याला म्हणायचंय त्याने आकडे दाखवावेत.

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी वर्षभर शिकवते. त्यात आजोबांचा अपमान नाही, पूर्वजांची टिंगल नाही, आणि जेवढा पुरावा आहे त्याहून एक इंचही पुढे जाणं नाही. भारतीय राज्यघटनेत १९७६ पासून कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पुण्यात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो 'हे कशावरून?' असं शांतपणे विचारत राहिल्याबद्दल. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी निषेधाच्या पत्रांवर सह्या केल्या, योग्यच केलं. पण धडा पुस्तकात ठेवण्यासाठी लढायचं आणि घरी पोराला तो पाठ करून घ्यायचा, हे मला जरा विसंगत वाटतं. डार्विनसुद्धा पाठ करून घेतला तर तो आणखी एक मजकूरच होतो, फक्त आपल्या बाजूचा.

आता देणगी. आपली मंडळी मायभूमीतल्या शाळांसाठी हात सैल सोडतात, ही मोठी चांगली गोष्ट आहे. पण पैसे जातात कशाला, तर डिजिटल वर्गाला. स्मार्ट टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर. फोटो चांगला येतो, आणि वस्तूवर गावातल्या आई-वडिलांचं नाव घालता येतं. जाऊन पाहिलं तर अनेक ठिकाणी टीव्हीवर तोच धडा कोणीतरी वाचून दाखवत असतो. तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून काय करता येतं ते दाखवलं, आणि त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पण तिथे आधी शिक्षक होता, मग यंत्र आलं.

विज्ञान शिकवण्यासाठी आपल्याकडे याहून जुना आणि स्वस्त दाखला आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा सरकारी मिडल स्कूलमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. सहावी ते आठवी, म्हणजे माझ्याच वयाची मुलं. पुढे एकलव्य संस्थेने ते काम सांभाळलं. शाळांना प्रयोगपेटी होती, परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण दरवर्षी होतं. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनियर अरविंद गुप्ता तिथेच गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काड्यापेटीतल्या काड्या यांपासून त्यांनी भूमितीचे आकार बनवायला सुरुवात केली. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. त्यातलं जे टिकलं ते पेटीत नव्हतं, त्या शिक्षकांत होतं.

म्हणून माझी विनंती अगदी व्यवहारी आहे. या उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा शाळेला काय द्यायचं हे इथून ठरवून जाऊ नका. विज्ञानाच्या शिक्षकाला किंवा बाईंना एकट्यात गाठा, मुख्याध्यापक आणि सरपंच समोर नसताना, आणि विचारा. माझा अनुभव असा, की मागण्या फार लहान निघतात: एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, डझनभर थर्मामीटर, हातभिंगं, चुन्याच्या निवळीसाठी झाकणाच्या बाटल्या. मनू प्रकाश यांचा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, बॅगेत शंभर मावतात. जास्वंदीच्या फुलांचा दर्शक तर अंगणात फुकट आहे. बालभारतीच्या पुस्तकांत 'करून पहा'च्या चौकटी छापलेल्याच आहेत; त्या करून बघायला लागणारं सामान बहुतेक वेळा शाळेत नसतं.

उरलेले पैसे शिक्षकांच्या वेळेवर लावा. सुट्टीत दहा-बारा शिक्षकांना आठवडाभर एकत्र बसून, वर्षात करायचे प्रयोग स्वतःच्या हातांनी करून पाहता येतील इतका प्रवासखर्च, जेवण आणि चांगला मार्गदर्शक. एका मोठ्या टीव्हीच्या किमतीत हे बसतं, मी हिशेब करून पाहिलाय. यावर नाव घालता येणार नाही आणि फोटोही धड येत नाही, कारण त्यात बारा माणसं टेबलाभोवती वाकून एका ओल्या ग्लासकडे बघत असतात.